जो परत आला त्याचं काय करायचं? पानिपतानंतरच्या एका प्रेमकादंबरीचा प्रकरण अभ्यास

ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायची, त्यांवर टिपणं काढायची आणि लेखकाबरोबर बसून पुनर्लेखन करून घ्यायचं, हे माझं काम. त्यातलं एक प्रकरण इथे पूर्ण मांडतो आहे. प्रेम, शोक आणि मनातली अढी यांची गाठ एकाच कथेत मारायला निघालेला लेखक कुठे अडतो आणि अडल्यावर कोणती पळवाट धरतो, हे या हस्तलिखितात फार स्वच्छ दिसलं. लेखिकेची संमती घेतली आहे. तिचं नाव देत नाही, आणि पात्रांची नावं बदलली आहेत.

कथा अशी. भीमेकाठच्या एका गावात पाटलांचं घर. धाकटा रायाजी शिलेदार आहे, म्हणजे स्वतःची घोडी घेऊन चाकरीला जाणारा. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली, तिच्यात तो चार घोडी घेऊन सामील होतो. चौथी घोडी घेण्यासाठी त्यानं बायकोची पुतळ्यांची माळ मोडली आहे. बायको सगुणा, मुलगा तीन वर्षांचा, घरात सासू आणि थोरला दीर. रायाजीबरोबर म्हाळोजी जातो. तो त्याचा लहानपणापासूनचा सवंगडी आणि आता त्याचाच बारगीर, म्हणजे घोडं मालकाचं, स्वार हा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी म्हाळोजी गावात येतो. एकटा येतो, आणि माळ मोडून घेतलेल्या त्या चौथ्या घोडीवर बसून येतो.

माझ्या हाती आलेल्या पहिल्या खर्ड्यात पुढची अर्धी कादंबरी सगुणा त्याचा द्वेष करते. मग एक गोसावी गावात येतो. पानिपताच्या रात्री तो जवळपास होता. तो सांगतो की रायाजीनंच मरताना म्हाळोजीला शपथ घातली होती, ‘घोडी घे आणि माझ्या घरच्यांना सांभाळ.’ सगुणेचा राग वितळतो. पश्चात्ताप, तीन पानांचं क्षमायाचनेचं भाषण, आणि शेवटी सनई-चौघड्यासकट मांडवातलं लग्न.

गोसावी येईपर्यंत मी हस्तलिखित हातातून खाली ठेवलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. लेखिकेचा घराचा अभ्यास पक्का होता. सासूचं बोलणं, जावा-जावांमधली अबोल चढाओढ, पावसाआधीची कामांची घाई, सगळं जिवंत होतं. गोसाव्यानंतर मात्र मी पानं नुसती उलटत गेलो.

गोसाव्यानं काय बिघडवलं

गैरसमजावर उभा केलेला राग हा प्रेमकथेतला सर्वांत सोपा राग. तो वाढवायला कष्ट पडत नाहीत आणि संपवायला एक निरोप्या पुरतो. पण तो संपला की मागे काही उरत नाही. सगुणेनं दीडशे पानं जे सोसलं ते एका वाक्यात ‘उगाच’ ठरतं. त्याहून वाईट म्हणजे तिचा शोकही त्याच झटक्यात आटोपतो. गोसावी एका हातानं रायाजीच्या मृत्यूची खात्री देतो, दुसऱ्या हातानं म्हाळोजीच्या चारित्र्याची. नायिकेला रडायची मोकळीक मिळते आणि पुन्हा प्रेमात पडायचीही. इतकी सोय कुठल्याही शोकात नसते.

मला वाटलं, सगुणेच्या रागाचं मूळ लेखिकेनं स्वतःच पहिल्या प्रकरणात अचूक लिहून ठेवलं आहे आणि पुढे ती ते विसरली आहे. म्हाळोजी वेशीतून आत येतो तेव्हा सगुणा दुरून घोडी ओळखते आणि पदर सावरून दारात येते. स्वार जवळ आल्यावर तिचा चेहरा उतरतो. त्या क्षणी म्हाळोजीनं काही पाप केलं की नाही, हे तिला ठाऊकही नाही. तरी ती त्याला क्षमा करणार नाही, हे वाचकाला कळून चुकतं. त्याचं जिवंत असणं हाच गुन्हा आहे. असा राग कुठल्याही खुलाशानं जात नाही, कारण खुलासा करून म्हाळोजी मेलेला होत नाही.

टिपणात मी एकच प्रश्न ठळक अक्षरात लिहिला: म्हाळोजीला नेमकं काय माहीत आहे? त्यानं काय केलं हा प्रश्न लेखिकेनं स्वतःला बऱ्याचदा विचारला होता. त्याला काय माहीत आहे, ते सांगितलं तर कुणाचं काय जाईल आणि झाकलं तर कुणाचं काय वाचेल, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. पुढचं सगळं पुनर्लेखन या प्रश्नातून निघालं.

प्रेत नाही, तिथी नाही

या प्रश्नाला पानिपताची पार्श्वभूमी विलक्षण पोषक आहे. लढाईनंतर शेकडो घरांत नेमकं कुणाला काय झालं हेच कळलं नाही. खुद्द पेशव्यांना वाटेत मिळालेला निरोप सावकारी सांकेतिक भाषेत होता: दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. ती दोन मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. आमचा रायाजी त्या खुर्द्यातला. त्याची गणती करणारं कुणी नव्हतं.

भाऊसाहेबांचं निधन झालं हेसुद्धा सगळ्यांनी मानलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून सुखरूप परतल्या आणि पतीचा मृत्यू त्यांनी कधीच स्वीकारला नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या तोवर त्या सवाष्णीसारख्याच राहिल्या. पेशव्यांच्या घरात हे चालू शकलं. पाटलाच्या घरात काय झालं असतं?

पहिल्या खर्ड्यात सगुणा म्हाळोजी परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी विधवा होते. बांगड्या फुटतात, कुंकू पुसलं जातं, प्रकरण संपतं. लेखिकेला मी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? प्रेत नाही, मेल्याची तिथी नाही, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. धर्मशास्त्राप्रमाणे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून ती जाळायची आणि पुढचे विधी करायचे. याला पालाशविधी म्हणतात. बारा वर्षं म्हणजे १७७३ उजाडणार. तोवर ही बाई कोण? सवाष्ण की विधवा? हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही? वटपौर्णिमेला ती काय करणार?

या एका दुरुस्तीनं घराचं राजकारण उघडं झालं. लेखिकेनं नव्या खर्ड्यात सासू आणि थोरला दीर यांना आमनेसामने उभं केलं. लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना सरकारातून बालपरवेशी मिळत असे, पण त्यासाठी माणूस पडला आहे हे आधी मान्य व्हायला हवं. दिराला ते लवकर ठरायला हवं आहे. तो काही खलनायक नाही. घोडी गेली, कर्ज अंगावर आलं, घरात खाणारी तोंडं तेवढीच आहेत. सासू मात्र रोज सकाळी स्वतःच्या बोटानं सुनेच्या कपाळी कुंकू लावते आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही. दीर एकदा विषय काढतो तेव्हा ती म्हणते, ‘माझ्या जित्या लेकाला जाळायला निघालास व्हय रं?’ हे वाक्य लेखिकेचं. मी त्याला हात लावला नाही.

यात सगुणेच्या शोकाला एक चमत्कारिक वळण मिळालं. तिला रडायची परवानगीच नाही. रडली तर नवरा मेला असं तिनं मानल्यासारखं होईल आणि सासू ते सहन करणार नाही. मग तो अडलेला शोक बाहेर पडायला एकच वाट उरते, आणि त्या वाटेवर रोज म्हाळोजी उभा असतो. दुःख रागाचं रूप घेतं असं आपण सहज लिहून जातो. इथे ते का घेतं, याला घरातलं कारण मिळालं.

चंद्र आणि घोडी

पुनर्लेखनात पानिपताची रात्र सर्वांत जास्त बदलली. पहिल्या खर्ड्यात ‘अमावास्येच्या काळोखात’ घोडी ‘विजेसारखी’ दौडते. दोन्ही गोष्टी टिकणाऱ्या नव्हत्या.

त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. म्हणजे सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर, आणि तो साधारण मध्यरात्रीपर्यंत आकाशात. पळणाऱ्याला तो वाट दाखवतो आणि पाठलाग करणाऱ्यालाही पळणारा दाखवतो. शिवाय कडाक्याची थंडी. घोडीचं म्हणाल तर मराठ्यांची छावणी नोव्हेंबरपासून पानिपतावर कोंडली गेली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही गेली. माणसं उपाशी होती, जनावरं त्याहून उपाशी. अशी घोडी विजेसारखी दौडत नाही. दोन माणसांना घेऊन ती काही कोस चालली तरी पुष्कळ.

हे मी तपशिलाच्या चुका म्हणून कळवलं होतं. लेखिकेनं त्यांतून कथानक काढलं, आणि याचं श्रेय पूर्णपणे तिचं. नव्या खर्ड्यात रायाजीच्या मांडीत गोळी आहे. म्हाळोजी त्याला पुढ्यात घेऊन निघतो. घोडी थकत जाते, मग गुडघ्यावर येते. चंद्र अजून वर आहे, उघड्या माळावर दोघं आणि एक जनावर दुरून दिसतात. म्हाळोजी रायाजीला एका नाल्याच्या कडेला बोरीच्या आडोशाला उतरवतो आणि पाणी घेऊन येतो असं सांगून घोडी घेऊन निघतो. पाणी मिळत नाही. की मिळतं? लेखिकेनं हे मुद्दाम धूसर ठेवलं आहे. चंद्र मावळल्यावर परतायचं असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. चंद्र मावळतो. तो परतत नाही.

आता माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं. म्हाळोजीला इतकंच माहीत आहे की आपण सोडलं तेव्हा रायाजी जिवंत होता. पुढचं त्याला माहीत नाही. तो मेला असं तो छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जगला असेल असं तोंडातून काढायची त्याला लाज वाटते.

गावात आल्यावर तो खोटं बोलतो: गर्दीत ताटातूट झाली. हे खोटं कुणालाही पटण्यासारखं होतं. त्या पळापळीत आईची लेकाशी, लेकाची आईशी ताटातूट झाली होती. पुढे नाना फडणवीस म्हणून गाजलेला अठरा वर्षांचा तरुण त्या रात्री असाच जीव घेऊन निसटला. त्याची आई त्यात अंतरली, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यानं त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. मी लेखिकेला ते वाचायला सांगितलं होतं. वाचलेला माणूस स्वतःकडे कसा पाहतो, हे समजून घ्यायला मराठीत त्याइतकं जवळचं दुसरं काही मला माहीत नाही.

तंगाला बांधलेला शेला

सगुणेला खोटं कळतं ते कुणा साक्षीदाराकडून कळत नाही. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य पडून होतं: घोडीचा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, तुटला होता, तो कापडाच्या पट्टीनं बांधला होता. वर्णनाच्या ओघात आलेलं, पुढे कुठेच न वापरलेलं वाक्य. ते कापड कशाचं, एवढंच मी समासात लिहिलं.

नव्या खर्ड्यात ते रायाजीच्या शेल्याचं आहे. सगुणा पहाटे पागेत जाते. खोगीर भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे, त्यावरची धूळ अजून झटकलेली नाही. तंगाचं चामडं जिथे तुटलं तिथे शेल्याची पट्टी तीन पदरी वळून, गाठ आतल्या बाजूला घेऊन बांधलेली. पट्टीचा काठ तिच्या ओळखीचा आहे. ती गाठ सोडवत नाही, बोटांनी चाचपते. गाठ नीट, सावकाश मारलेली आहे. गर्दीत ताटातूट झाली असेल तर नवऱ्याच्या कमरेचा शेला सोडायला, फाडायला, पदर वळायला या माणसाला वेळ कधी मिळाला? म्हणजे दोघं एका जागी, निवांत, काही वेळ तरी बसले होते.

ती काही बोलत नाही. तेवढ्यात म्हाळोजी खरारा घेऊन येतो. त्यांच्यातला संवाद जसाच्या तसा देतो:

‘चढ चढून आली की लगेच पाणी दावू नका, वैनी. छाती धरते.’

‘ह्यांनी कधी सांगितलं न्हाई.’

‘त्यांच्या वक्ताला धरत नव्हती.’

एवढंच. मला हा उतारा सबंध कादंबरीचा कणा वाटतो. घोडी त्याच्या हाताखाली इतकी बदलली आहे की तिची खोड आता त्यालाच ठाऊक. सगुणेच्या सोन्यातून आलेलं, नवऱ्याच्या मांडीखालचं जनावर तिसऱ्याच माणसाला ओळखतं, याचा तिला संताप येतो. आणि तो किती मायेनं त्या घोडीच्या छातीवरून हात फिरवतो आहे हेही ती पाहते. राग आणि ओढ इथे एकाच जागी, एकाच कारणानं जन्माला येतात. दोन्ही वेगवेगळ्या प्रसंगांतून आणून नंतर जोडायचा खटाटोप लेखिकेला करावा लागला नाही.

प्रेम कुठून येतं, यावर आमची बरीच चर्चा झाली. पहिल्या खर्ड्यात म्हाळोजी तिला पुरातून वाचवतो, चोरांपासून वाचवतो, साप मारतो. हे सगळं काढलं. त्याऐवजी रायाजीला माणूस केलं. आधी तो देव होता: शूर, प्रेमळ, एकवचनी. देवासाठी केलेला शोक वाचकाला भिडत नाही. आता रायाजी तापट आहे, हट्टी आहे. माळ मोडण्यावरून निघायच्या आदल्या रात्री दोघांचं भांडण झालं आहे आणि सगुणा त्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत गेलेली नाही. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. म्हाळोजीला मात्र माहीत आहे, कारण ‘ती वेशीपर्यंत आली न्हाई’ हे रायाजीनं पार दिल्लीपर्यंत काढलं. सगुणेच्या मनातली बोच जाणणारा गावात हा एकच माणूस आहे, आणि रायाजी खरा कसा होता हे आठवणाराही हाच. सासूजवळ रायाजी देव झाला आहे, दिराजवळ थकलेला हिशेब. त्याच्या रागावण्याबद्दल, शेकोटीपाशी बेसूर गाण्याबद्दल ती फक्त म्हाळोजीशी बोलू शकते. ज्याच्यावर सर्वांत जास्त राग त्याच्याचपाशी आपलं माणूस जिवंत राहिलेलं आहे, हा पेच खरा आहे. मी तो काही घरांत पाहिला आहे.

साक्ष

इथून कथानक आपोआप साक्षीकडे गेलं. बारा वर्षं थांबायचं नसेल तर मृत्यू डोळ्यांनी पाहणारा कुणी हवा. दीर म्हाळोजीला गोतासमोर, म्हणजे भाऊबंद-गावकऱ्यांच्या सभेसमोर, उभं करतो. ‘पडताना पाह्यलं’ एवढं तो म्हणाला की विधी होतील, बालपरवेशीचा अर्ज जाईल, सगुणा विधवा ठरेल. आणि विधवा ठरली की ती पाट लावू शकेल, म्हणजे दुसरं लग्न करू शकेल.

हा तपशील लेखिकेला नवा होता. मांडवातलं लग्न तिनं रद्द केलं ते त्यामुळे. ब्राह्मणांत आणि कुळवान म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत विधवेचा पुनर्विवाह नव्हता, पण गावगाड्यातल्या बहुतेक जातींत पाटाची रीत होती. सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. पाट रात्री लावत, गाजावाजा न करता. त्यात सनई नाही, अंतरपाट नाही. पाटाच्या बायकोचा मान लग्नाच्या बायकोइतका नसे. आणि पाट लावून बाई दुसऱ्या घरी गेली की पहिल्या नवऱ्याच्या वतनावरचा तिचा हक्क संपे, मुलगा बापाच्या भाऊबंदांकडे राही. म्हणून आम्ही हे घराणं पाटीलकीचं ठेवलं तरी कुळीच्या मोठेपणाचं ठेवलं नाही, नाहीतर पाट शक्यच झाला नसता.

आता म्हाळोजीची अवस्था पाहा. खरं सांगितलं तर सगुणा बारा वर्षं अधांतरी राहते आणि तो तिला कायमचा गमावतो. खोटं सांगितलं तर ती त्याची होऊ शकते, पण जिवंत सोडलेल्या मित्राला तो दुसऱ्यांदा, या वेळी स्वतःच्या तोंडानं मारतो. आणि सगुणेला शेल्यामुळे माहीत आहे की तो आधी एकदा खोटं बोललेला आहे. तो गोतासमोर तोंड उघडतो तेव्हा सर्वांच्या नजरा त्याच्यावर असतात, आणि त्याची तिच्यावर.

तो खोटं बोलतो. ती ऐकून घेते आणि मान खाली घालते. सासू मोठ्यानं हंबरडा फोडते.

यावर मी एक आग्रह धरला आणि लेखिकेनं तो मानला: यानंतर क्षमेचं एकही वाक्य नको. सगुणा त्याच्याशी पाट लावते, त्याच्याबरोबर नांदते, त्याच्यावर जीव लावते. क्षमा करत नाही. भांडणात ती ‘तुम्ही घोडी आणलीत’ एवढंच म्हणते आणि तो गप्प होतो. क्षमा झाली की प्रेम शुद्ध होतं, ही प्रेमकादंबरीची जुनी सवय आहे. माझ्या मते ती या कथेला मारक होती. दोन माणसं एकमेकांची देणी न फेडता एका छपराखाली राहू शकतात आणि तेही प्रेमच असतं. वाचकाला दोघं एकत्र आलेली हवी असतात, ते वचन पाळलं आहे. ते फुकटात मिळत नाही, एवढाच फरक.

एका गोष्टीवर मात्र मी विरोध केला. सगुणा पुण्याला जाऊन पार्वतीबाईंना भेटते, असं एक प्रकरण लेखिकेनं मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. दोघींचं दुःख सारखं, म्हणून. खऱ्या व्यक्तीला आपल्या नायिकेचा आरसा म्हणून वापरायचं, तिच्या तोंडी आपल्याला सोयीचं वाक्य घालायचं, हे मला पटत नाही. पार्वतीबाईंनी तो निर्णय बावीस वर्षं वाहिला. त्यांची बातमी भीमेकाठी जशी पोचली असती, तशीच कादंबरीत यावी. आता ती बाजारात ऐकलेल्या दोन वाक्यांत येते, आणि सासू ती दोन वाक्यं पुढे आयुष्यभर सगुणेला ऐकवत राहते.

१७७६

कादंबरी १७६३ ला, पाट लागल्यावर संपत होती. मी तेरा वर्षं पुढे जायला सुचवलं, कारण इतिहासानं इथे लेखिकेच्या हाती आयती गोष्ट दिली आहे. भाऊसाहेब असल्याचा दावा करणारा तोतया, मूळचा उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण, काही वर्षं रत्नागिरीला कैदेत होता. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात माणसं त्याच्याभोवती जमली, किल्ले त्याच्याकडे गेले. पुढे तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पण मधले काही महिने महाराष्ट्रभर एकच चर्चा होती: भाऊ परतला.

भाऊ परतू शकतो तर रायाजी का नाही? ज्या घरांनी पळसाची पानं जाळली, त्या घरांत ही बातमी काय करत असेल? सगुणेचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, काकाच्या घरी वाढलेला. आई पाट लावून गेली हा सल घेऊनच तो मोठा झाला आहे. तो बापाला शोधायला कोकणात निघतो. निघण्याआधी म्हाळोजीच्या दारात येतो आणि नेमका तोच प्रश्न विचारतो: तुम्हाला नेमकं काय ठावं हाय?

म्हाळोजी पहिल्यांदा खरं सांगतो. नाला, बोर, चंद्र. मुलगा ऐकतो आणि तरीही निघून जातो. सगुणा आतून ऐकत असते. पंधरा वर्षं जे तिला आतून ठाऊक होतं ते आता उच्चारलं गेलं आहे, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा कुंकू लावताना क्षणभर थांबते: हे कुणाच्या नावाचं?

लेखिकेनं हा भाग दोन प्रकरणांत लिहिला आहे. माझ्या मते दुसरं प्रकरण, ज्यात मुलगा तोतयाच्या छावणीत पोचतो, अर्ध्यानं कमी व्हायला हवं. छावणीचं वर्णन रंगतदार आहे पण तिथे सगुणा नाही, आणि कादंबरी तिची आहे. लेखिकेचं म्हणणं, मुलाची फसगत वाचकानं डोळ्यांनी पाहिली नाही तर घरी परतलेल्या मुलाचं गप्प राहणं कळणार नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. सध्या मधला मार्ग निघाला आहे: छावणीतला एकच दिवस ठेवायचा, ज्यात तो तोतयाला दुरून पाहतो आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बारगिराला विचारतो, ‘हेच का?’ म्हातारा उत्तर देत नाही, कारण तोही आपलं कुणीतरी शोधायला आला आहे.

अजून दोन कामं बाकी आहेत. म्हाळोजीच्या बोलण्यात मध्येच प्रमाण मराठी येते, विशेषतः तो भावनिक होतो तिथे. नेमकं तिथेच त्याचं बोलणं अधिक गावठी आणि तुटक व्हायला हवं. दुसरं, पाटाची रात्र. ती फारच उदास झाली आहे. सनई गेली म्हणून आनंदही जायचं कारण नव्हतं. पंचविशीतली बाई आहे, दोन वर्षं आपल्या अंगाची आठवण न ठेवता जगलेली. त्या रात्री तिला भीती, लाज आणि अपराधीपणाबरोबर सुखही वाटलं पाहिजे, आणि वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी राग आला पाहिजे. ते प्रकरण लेखिका आता पुन्हा लिहिते आहे.